सात सावल्यांची साळुंकी

त्या राज्यात वाक्यं मरत नसत. बोलणारा मरून जाई, वाक्य मागे उरे, आणि पुन्हा कुणी ते उच्चारलं की मूळ बोलणाऱ्याची सावली निमूट येऊन त्याच्या शेजारी पडे. खोटं वाटेल, पण तिथल्या पाखरांना यात काही विशेष वाटत नसे.

माळरानावरच्या साळुंक्यांमध्ये तर ही मानाची गोष्ट होती. लग्नात कुणी बोलायला उभं राहिलं की आधी त्याच्या सावल्या मोजल्या जात. थोरांचं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं. त्यात आपला शब्द घुसडणं म्हणजे वडीलधाऱ्यांच्या ताटात हात घालणं. एकट्या सावलीनिशी उभं राहणाऱ्याला म्हाताऱ्या कळवळून विचारत, "का रे, तुला कुणीच नाही का?"

माळ वणव्यात जळाला तेव्हा एक साळुंकी हंसांच्या तळ्यावर आली. तिथे राहायला फांदी हवी, तर भर दुपारी पांढऱ्या दगडावर उभं राहून हंसांच्या भाषेत बोलून दाखवावं लागे. परीक्षक हंस समोरच्या जांभळाखाली, गर्द अंधारात बसत. त्यांना ऊन सोसत नाही, असं सगळे सांगत.

साळुंकी वर्षभर ती भाषा शिकली. तिला माहीत होती त्याच रीतीने: जुन्या हंसांची वाक्यं घोटून. हळूहळू त्यांच्या सावल्या तिच्याभोवती येऊन बसू लागल्या. त्यांतली एक लांब मानेची म्हातारी हंसी तर उच्चार चुकला की मान हलवायची, जमला की डोळे मिटायची.

परीक्षेच्या दिवशी साळुंकी छाती फुगवून दगडावर उभी राहिली. बरोबर सात सावल्या.

जांभळाखाली कुजबुज झाली. "ती लांब मानेची... अरे, ही तर आपली पणजी!" थोरला हंस ओरडला. "चोरटे, ही कुठून उचललीस?"

"उचलली नाही, महाराज. सोबत आणली."

"दगडावर सावली एकटीची पडायला हवी!"

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

"हे सांगावं लागतं?" सगळे हंस हसले. "सात दिवसांनी पुन्हा ये. तेव्हा परकी सावली दिसली, तर चालती हो तुझ्या माळावर."

माळावर राखेशिवाय काही उरलं नव्हतं.

तळ्याकाठी एक सरडा शिकवणी घेत असे. साळुंकी त्याच्याकडे गेली.

"सोपं आहे गं," सरडा म्हणाला. "वाक्य सोलायचं. एक शब्द काढायचा, त्याच रंगाचा दुसरा बसवायचा. सावलीला आपलं घरच ओळखू येत नाही."

म्हाताऱ्या हंसीचं वाक्य होतं, 'तळं आधी आभाळ पितं, मग तहान भागवतं.' सरड्याने केलं, 'जलाशय प्रथमतः नभ प्राशून तदनंतर तृषाशमन करतो.'

"मामा, पण यात मी कुठे आहे?"

"तुला फांदी हवी आहे ना? मग पुढचं आण."

एकेक सावली उठून गेली. लांब मानेची सर्वांत शेवटी. दोन दिवस ती त्या वाक्याभोवती घिरट्या घालत ओळखीचा शब्द शोधत राहिली. मग तळ्यावरून चालत निघून गेली, पाणी न हलवता.

सातव्या दिवशी साळुंकी दगडावर उभी राहून बोलली. थोरला हंस वाकून बराच वेळ बघत राहिला. दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख पांढरा होता; तिची स्वतःची सावलीसुद्धा त्यावर नव्हती.

"एकही नाही," तो म्हणाला. "निर्मळ! ये, आमच्यात बस."

ती जांभळाखाली गेली. तेवढ्यात वाऱ्याने फांद्या दूर झाल्या आणि उन्हाची तिरीप खाली उतरली. जमिनीवर पानांच्या सावल्या पडल्या, डहाळ्यांच्या पडल्या, एका मुंगीचीसुद्धा पडली. हंस बसले होते तिथे नुसतं ऊन होतं.

थोरल्या हंसाने लगबगीने तिला जागा करून दिली.

"आत सरक," तो हळूच म्हणाला. "इथे ऊन पोचत नाही."

साळुंकी आत सरकली.