चांदमारीवरची खुर्ची

ऐका, हा किस्सा माझ्या आत्याचा आहे आणि मी तो अजिबात फुगवून सांगत नाहीये. आत्या म्हणजे हवालदार कुसुम ढगे, चांदमारीच्या मैदानावर पोलिसांना गोळीबार शिकवते. तर झालं काय, चकाचक नवी पिस्तुलं आली आणि त्यांच्या पाटणकर साहेबांनी सरावच बंद करून टाकला.

"ढगेबाई, हे पिस्तूल कुणाच्याही हातात द्या, नेम चुकत नाही. उगाच गोळ्या कशाला वाया घालवायच्या?"

आत्याला जाम टेन्शन. ही पोरं उद्या भर बाजारात बंदोबस्ताला जाणार आणि त्या पिस्तुलातून एकानेही गोळी झाडलेली नाही. तिने तीनदा अर्ज दिला, तिन्ही वेळा परत आला.

मग साहेबांनी पत्रकारांसमोर याच पोरांकडून नव्या पिस्तुलांचं प्रात्यक्षिक ठेवलं. ऐटीत चांदमारीवर पोचले, तर त्यांची खुर्ची थेट निशाण्याच्या फळीला चिकटून ठेवलेली, वर पांढरा टॉवेल टाकून.

"ही इथे कोणी ठेवली?"

"मी, सर. गोळी लागलेली इथून मस्त दिसेल."

"आणि मला लागली तर?"

"कशी लागेल, सर? पिस्तूल चुकत नाही ना."

पत्रकार लिहायला लागले. साहेबांनी समोर बघितलं. वीस पोरं एकमेकांना विचारत होती, सेफ्टीचा खटका कुठला म्हणून.

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "किती सराव लागेल, ढगेबाई?"

"तुम्ही या खुर्चीत बिनधास्त बसाल, तेवढा."

महिनाभराचा सराव तिथल्या तिथे मंजूर झाला. खुर्ची मात्र साहेबांनी स्वतः उचलून मागे नेली.