टेबलातलं पिल्लू

हळू बसा. कान इकडे द्या. ही गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे.

एक होती चिचुंद्री. इवलीशी. करडी करडी. लांब लांब नाकाची.

तिला चार पिल्लं. चिचुंद्री निघाली की पहिलं पिल्लू आईची शेपटी धरी. दुसरं पहिल्याची धरी. तिसरं दुसऱ्याची. चौथं तिसऱ्याची.

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री पुढे, पिल्लांची माळ मागे.

चिचुंद्री राहायची त्या घरात सोनबामामा होता. द्वारकामामी होती. मामा मागच्या खोलीत टेबल बनवत होता. मित्रांबरोबर पत्ते खेळायचं, पोकर खेळायचं मोठ्ठं टेबल. त्याला कोपरे आठ. त्यावर फळी. फळीवर कापसाची गादी. गादीवर हिरवं हिरवं कापड. कापडाला कडेनं खिळे.

ठक ठक ठक! ठक ठक ठक!

तेवढ्यात काय झालं? लाईट गेली. दुपार होती, पण बाहेर धुकं दाटलेलं. खिडकी पांढरी झाली. खोली काळी झाली. मामा खोलीतून निघून गेला.

चिचुंद्रीनं मागे वळून पाहिलं.

एक.

दोन.

तीन.

चौथं कुठे?

खोलीत कोणी नव्हतं. टेबल तेवढं उभं होतं. काळं काळं. गप्प गप्प. आणि टेबलाच्या पोटातून आवाज आला…

खुर्र… खुर्र… खुर्र…

"अगं बाई! हे तर माझं पिल्लू! कापसात शिरलं, कापसात झोपलं. वरून मामानं कापड ठोकलं!"

चिचुंद्री टेबलावर चढली. हिरवं कापड हळूच फुगलं. हळूच बसलं. जसं काही श्वास घेत होतं.

"कोण आहे?" कापड म्हणालं.

"मी चिचुंद्री. कापडा रे कापडा, ऊठ ना!

पिल्लू माझं अंधारात!"

कापड म्हणालं, "मी नाही उठायचं. खिळा सुटल्याशिवाय मी नाही उठायचं."

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री गेली खिळ्याकडे. खिळ्याचं डोकं अंधारात चमकत होतं. एका डोळ्यासारखं.

"कोण आहे?" खिळा म्हणाला.

"मी चिचुंद्री. खिळ्या रे खिळ्या, सूट ना!

कापड उठेना,
पिल्लू माझं अंधारात!"

खिळा म्हणाला, "मी नाही सुटायचा. पक्कड ओढल्याशिवाय मी नाही सुटायचा."

खुर्र… खुर्र…

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री गेली पकडीकडे. पक्कड भिंतीवर टांगलेली. तोंड उघडं. दात काळे.

"कोण आहे?" पक्कड म्हणाली.

"मी चिचुंद्री. पक्कडबाई, पक्कडबाई, ओढ ना!

खिळा सुटेना,
कापड उठेना,
पिल्लू माझं अंधारात!"

पक्कड म्हणाली, "मी नाही ओढायची. मामा आल्याशिवाय मी नाही ओढायची."

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री गेली मामाकडे. मामा ओटीवर बसला होता. अंगावर घोंगडी. पाय वर घेतलेले.

"क… कोण आहे?" मामा म्हणाला.

"मी चिचुंद्री. मामा रे मामा, ये ना!

पक्कड ओढेना,
खिळा सुटेना,
कापड उठेना,
पिल्लू माझं अंधारात!"

मामा हळूच म्हणाला, "पिल्लू आहे होय ते? मी आवाज ऐकला. मला वाटलं, टेबलच घोरतंय! म्हणून तर पळत आलो. अंधारात मी नाही यायचा बाई. कंदील पेटल्याशिवाय मी नाही यायचा."

खुर्र…

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री गेली कंदिलाकडे. कंदील खुंटीवर लटकत होता. वारा नव्हता, तरी हलत होता. कुईं… कुईं…

"कोण आहे?" कंदील म्हणाला.

"मी चिचुंद्री. कंदिला रे कंदिला, पेट ना!

मामा येईना,
पक्कड ओढेना,
खिळा सुटेना,
कापड उठेना,
पिल्लू माझं अंधारात!"

कंदील म्हणाला, "मी नाही पेटायचा. मामी उठल्याशिवाय मी नाही पेटायचा. काडी ओढणार कोण?"

तुरु तुरु, तुरु तुरु. चिचुंद्री गेली मामीकडे. मामी चुलीपाशी बसली होती. चुलीत एकच निखारा. लाल लाल.

"कोण आहे गं?" मामी म्हणाली.

"मी चिचुंद्री. मामी गं मामी, ऊठ ना!

कंदील पेटेना,
मामा येईना,
पक्कड ओढेना,
खिळा सुटेना,
कापड उठेना,
पिल्लू माझं अंधारात!"

"अरेरे! बिचारं लेकरू!" मामी म्हणाली. "पण हे बघ, मांडीवर मांजर झोपलंय. झोपलेल्या जिवाला उठवू नये. मी नाही उठायची. मांजर उठल्याशिवाय मी नाही उठायची."

चिचुंद्री थांबली. तिनं कान दिला.

मागच्या खोलीतून आवाज येईना. खुर्र नाही. खु नाही. काहीच नाही.

आणि मांजर? मांजर झोपलं नव्हतंच. मामीच्या मांडीवर दोन डोळे उघडले. पिवळे. गोल. मोठ्ठे.

"कोण आहे?" मांजर म्हणालं. "अजून जवळ ये. मला नीट ऐकू येत नाही."

तिन्ही पिल्लं मागे सरकली. पण शेपटी कोणी सोडली नाही.

चिचुंद्री एक पाऊल पुढे गेली.

"मी चिचुंद्री. मांजरा रे मांजरा, ऊठ ना!

मामी उठेना,
कंदील पेटेना,
मामा येईना,
पक्कड ओढेना,
खिळा सुटेना,
कापड उठेना,
पिल्लू माझं अंधारात!"

"मी नाही उठायचं," मांजर म्हणालं. "खाऊ मिळाल्याशिवाय मी नाही उठायचं. मागे तीन खाऊ दिसतात. एक दे."

"देणार नाही," चिचुंद्री म्हणाली.

"मग मीच घेतो."

मांजरानं मान लांब केली. मिशा हलल्या. नाक खाली आलं. खाली… अजून खाली… अगदी चिचुंद्रीच्या पाठीपर्यंत आलं.

चिचुंद्रीनं डोळे मिटले. अंग फुगवलं. आणि सोडला वास!

फुस्स्स!

असा वास! असा वास! "शी शी शी!" मांजर ओरडलं. "आक् छी! आक् छी!" मांजरानं उडी मारली. धप्प! आणि गेलं पळत धुक्यात.

मांजर उठलं, मामी उठली.

मामीनं नाकाला पदर लावला. काडी ओढली. फर्र!

मामी उठली, कंदील पेटला.

कंदील पेटला, मामा आला. मामीचा हात धरून आला, पण आला.

मामा आला, पक्कड ओढू लागली. कर्र… कर्र… टुप्!

पकडीनं ओढला, खिळा सुटला. एक सुटला. दोन सुटले. तीन सुटले.

खिळे सुटले, कापड उठलं.

मामानं कंदील वर धरला. मामी वाकली. आत पांढरा कापूस होता. कापूस हलत नव्हता.

"बाळा?" चिचुंद्री म्हणाली.

कोणी बोललं नाही.

"बाळा, मी आले रे."

कापसातून एक नाक वर आलं. लांब लांब, ओलं ओलं.

"चिक!"

चिचुंद्री धावली. तिनं पिल्लाला चाटलं. नाक चाटलं, कान चाटले, पुन्हा नाक चाटलं. पिल्लानं जांभई दिली. मग त्यानं तिसऱ्याची शेपटी घट्ट धरली.

एक. दोन. तीन. चार.

मामीनं मूठभर कापूस काढला. कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यात घातला. "इथे झोपा गं बाई," ती म्हणाली. "इथे कोणी काही ठोकणार नाही."

तुरु तुरु, तुरु तुरु. पाचही जणं खोक्यात गेली.

मामानं हातोडी घेतली. पहिला खिळा कापडावर धरला. मग तो थबकला. त्यानं हातोडी खाली ठेवली. टेबलाला कान लावला.

"आत कोणी आहे का?" मामानं विचारलं.

आतून कोणी बोललं नाही.

तरी मामा अजून थोडा वेळ थांबला.