पाइपातली हवा

एकदा एका माळावर काही कुटुंबं राहायला आली. बाजार बंद पडले होते, पेट्रोल पंपांच्या नळ्या कोरड्या लटकत होत्या आणि शहरात आता परत जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. या मंडळींनी माळ फोडला, विहीर उपसली आणि करंजाच्या बियांचं तेल गाळून त्यावर एक जुना ट्रॅक्टर चालता केला. पाणी, चारा, लाकूड आणायला त्याच तेलावर चालणारी एक पिकअप गाडी होती. बैल मात्र कुणाकडेच नव्हते. ट्रॅक्टर चालला तर पेरणी आणि पेरणी झाली तर वर्षाची भाकरी, असा सरळ मामला होता.

हा ट्रॅक्टर कळायचा एकट्या शिवदासला. वस्ती ज्यांच्या शब्दावर चालायची त्या वृद्ध नानांचा तो शिष्य. करंजाचं तेल जाड, त्यामुळे गाळणी तुंबायची, पाइपात हवा शिरायची आणि इंजिन बंद पडायचं. मग शिवदास यायचा, "सरका बाजूला" म्हणायचा, लोकांकडे पाठ करून काहीतरी पिरगाळायचा आणि ट्रॅक्टर सुरू. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "तुम्हाला कशाला ती कटकट? मी आहे ना." मनाने वाईट नव्हता हो. आपल्या घरातही असा एक असतोच. इन्व्हर्टरचं बटण फक्त त्यालाच ठाऊक असतं, आणि तो गावाला गेला की बाकीचे अंधारात मेणबत्ती शोधत बसतात.

रब्बीचे दिवस जवळ आले तसं नानांनी शिवदासला सांगितलं, "आजपासून सकाळी गाडी घेऊन तू पाण्याला जात जा. ट्रॅक्टरचं बाकीचे बघतील." आणि नेमका तेव्हापासून ट्रॅक्टर सकाळी सुरूच होईना. शिवदास पाणी घेऊन परतायचा तेव्हा शेजारच्या हौसाबाई आणि बाकीची माणसं इंजिनाभोवती गोळा झालेली, हात तेलाने बरबटलेले, जमिनीवर थारोळं. कधी दुपारी सुरू व्हायचा, कधी संध्याकाळी त्यालाच हात घालावा लागायचा. तो मनातल्या मनात चरफडायचा.

एक दिवस दोरखंड विसरला म्हणून तो अर्ध्या वाटेतून परत आला. पाहतो तर नाना ट्रॅक्टरपाशी वाकलेले आणि पान्याने तेलाच्या पाइपाचा नट ढिला करतायत.

"नाना, हे तुम्ही करताय?"

"मीच करतोय."

"रोज?"

"रोज."

शिवदासला राग आवरेना. "पेरणी तोंडावर आलीय. हौसाबाईंची लेकरं या पिकाकडे डोळे लावून बसलीत. आणि तुम्ही चालता ट्रॅक्टर बिघडवून ठेवता? वय झालं म्हणून काहीही करायचं का?"

नानांनी पाना शांतपणे खिशात टाकला. "मीठ संपत आलंय. डोंगरापलीकडच्या वस्तीवरून घेऊन ये. आजच नीघ."

शिवदास पाय आपटत निघाला. जाताना सगळं ठीक झालं, पण मीठ भरून परतताना घाटात पिकअपच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला आणि गाडी एका अंगावर बसली. त्याच संध्याकाळी परतीचा पाऊस आला. याच पावसाची सगळे वाट पाहत होते. एक-दोन दिवसांत जमिनीला वाफसा येणार, माती ना चिखल ना कोरडी अशी होणार आणि तेवढ्यात पेरलं नाही तर कडक उन्हात ती आवळून जाणार. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तो घाटात तुटक्या पाट्याच्या जागी लाकडाचे ओंडके दोरीने आवळत बसला होता. त्याला रडू फुटलं. आपण नाही तर ट्रॅक्टर नाही, हे त्याने इतकी वर्षं मोठ्या अभिमानाने मिरवलं होतं. आता त्याच गोष्टीची त्याला भीती वाटू लागली.

रखडत, ढकलत तो माळावर पोहोचला तेव्हा वाफसा सरत आला होता. त्याने मान वर केली. बांधापासून बांधापर्यंत पेरणीच्या ओळी दिसत होत्या. फक्त शेवटची पट्टी उरली होती आणि तिथे ट्रॅक्टर बंद पडून उभा होता. शिवदास धावतच गेला.

कोपरापर्यंत तेलाने माखलेल्या हौसाबाईंनी वरही पाहिलं नाही. "सरा बाजूला, भाऊ. पाइपात हवा आहे." त्यांनी नट ढिला केला, त्यांची जाऊ इंजिनावरचा तेलाचा छोटा हातपंप दाबत राहिली. बुडबुडे आले, मग नुसतं तेल आलं. नट आवळला आणि इंजिन धडधडू लागलं.

शिवदास बांधावर नानांशेजारी जाऊन बसला.

"मला सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी शिकवलं असतं त्यांना."

"सांगितलं होतं. तू शिकवायला बसलास की पाना तुझ्याच हातात राहायचा." नाना शेताकडे बघत म्हणाले, "तू होतास म्हणून तर मी तो बिघडवू शकलो. दिवसभर चुकले तरी संध्याकाळी सावरायला तू होतास. शिवदास, शहरातली यंत्रं आपल्यापेक्षा चांगली होती. पण प्रत्येक यंत्र कुणातरी एकालाच कळायचं आणि त्या एकावर हजारांचं पोट असायचं. आपण इथे आलो, स्वावलंबी झालो म्हणून मिरवलो, आणि सगळा भार तुझ्या एकट्याच्या मनगटावर टाकून मोकळे झालो. याला स्वावलंबन म्हणत नाहीत. तुला नुसता ताप आला असता तरी वस्ती उपाशी मेली असती."

शिवदासचे डोळे भरून आले. त्याला बरं वाटलं होतं आणि वाईटही वाटलं होतं. "मग आता माझं काय काम उरलं?"

नाना हसले. "पेरणीच्या दिवसांत तू कधी स्वस्थ झोपलायस का रे?"

शिवदासने आठवून पाहिलं, पण त्याला काही आठवलं नाही. तो बांधावरच्या सावलीत आडवा झाला. समोर ट्रॅक्टर शेवटची पट्टी पेरत निघाला होता. मध्येच तो खोकला आणि थांबला. शिवदासने डोळे उघडले, कोपरावर अर्धवट उठला. शेतातून बोलण्याचे आवाज आले, कुणीतरी हसलं. तो पुन्हा आडवा झाला. इंजिन सुरू झालं तेव्हा त्याला गाढ झोप लागली होती.