लाल चिंधीची गाडी

ही गोष्ट लहान मुलांना सांगू नकोस, असे ताईने मला बजावले आहे. ऐकली की मुले गप्प होतात, म्हणते. तरी सांगते, पण हळू आवाजात.

घाटाच्या पायथ्याशी दाट रान होते. तिथे एक साळू, म्हणजे काटेरी साळिंदर, आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. त्याची दोन चाकांची गाडी होती आणि ती तो स्वतःच ओढत असे. गाडीच्या मागे एक पेटी बांधलेली असायची. तिच्यात दोरी, हातोडी, वंगणाचा डबा आणि जास्तीच्या खिळी असत. चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकाला जी खीळ ठोकतात, ती जरा झिजली की साळू लगेच बदलायचा.

त्या वर्षी घाटातल्या माकडांनी एक नवी सोय काढली. त्यांना टोपलीभर बोरे दिली, की ती गाडीला लाल चिंधी बांधून जात आणि म्हणत, "गाडी कुठंही अडू दे, जवळच्या पोपटाला हाक मारा. तो निरोप देईल, की आम्ही हजर!" बघता बघता रानातल्या सगळ्या गाड्यांवर चिंध्या फडफडू लागल्या. साळूनेही बांधून घेतली.

साळूच्या आईची एक मैत्रीण होती, एक म्हातारी करकोची. ती दर हिवाळ्यात दूर देशाहून घाटापलीकडच्या तळ्यावर येई, आणि तिथून उडत येऊन साळूच्या अंगणात उतरे. दोघी दुपारभर गप्पा मारत. यंदा तिचे पंख थकले होते. परतीच्या प्रवासासाठी बळ राखायचे होते, त्यात घाटाची जादा फेरी तिला जमेना, म्हणून तिने निरोप धाडला, "उद्या ऊन चढलं की आमचा थवा निघेल. पुढच्या वर्षी काही माझं येणं होत नाही. जमलं तर भेटून जा."

"नेशील ना रे मला?" आईने विचारले.

"नेतो की! अगदी झोपवून नेतो," साळू म्हणाला.

पहाटे त्याने गाडीत मऊ गवत अंथरले. आईला पाय पसरायला जागा पुरेना, तेव्हा त्याने ती जड पेटी सोडून खाली ठेवली. आई म्हणाली, "अरे, पेटी राहू दे की. मी पाय आखडून बसेन."

"चिंधी आहे ना, आई! आता पेटी कोण वागवतं?" असे म्हणून साळूने गाडी ओढायला घेतली. त्या गडबडीत खीळ बघायचीही राहून गेली.

अर्धा घाट चढून झाला आणि गाडी एकदम कलंडली. झिजलेली खीळ तुटून दरीत पडली होती आणि चाक निसटून झुडपात गेले होते. आई सुखरूप होती. साळूने वर बघून पोपटाला हाक मारली.

"गाडी कोणाची?" पोपटाने फांदीवरून विचारले.

"साळूची. जरा लवकर सांग बाबा!"

"चाकं किती? चिंधीचा रंग कोणता?"

"अरे, सगळ्यांच्याच लाल असतात ना?"

"विचारावं लागतं," असे म्हणून पोपट उडाला. थोड्या वेळाने परत येऊन म्हणाला, "निघालीत. वाटेतच आहेत."

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आले. साळूने पुन्हा विचारले. "वाटेतच आहेत," पोपट म्हणाला. एक कोल्हा पायी चालला होता. तो थांबून हसला, "काय साळोबा, चिंधी फडकतेय झकास! गाडी का बसलीय?"

साळूने झुडपातून चाक आणून कण्यावर चढवले. त्याने पाठीवरचा एक जाड काटा उपटला आणि खिळीच्या जागी बसवला. दोन पावलांतच तो काटा मोडला. दुसरा उपटला, तोही मोडला. "पुरे रे, रक्त येतंय," आई म्हणाली. तिला पाठीवर घ्यावे, तर पाठभर काटे. आईला तर चार पावलेही चालवत नव्हते.

"थांबेल ती," साळू म्हणाला.

"ती थांबेल. थवा थांबत नाही," आई म्हणाली.

तेवढ्यात घाटावरून आवाज आला. करकोच्यांची लांबच लांब रांग आभाळातून चालली होती. आईने मान उंच केली. "त्यातली कोणती रे ती?" तिने विचारले. साळूने डोळ्यांवर पंजा धरून पाहिले. इतक्या उंचावर सगळे करकोचे सारखेच दिसत होते.

रांग दिसेनाशी झाली आणि मग माकडे आली. खरेच धावत आली होती, धापा टाकत होती. "काय करणार, आज घाटात जो तो अडकलाय! चिंधी बांधल्यापासून कुणी वंगणच घालत नाही," असे म्हणत त्यांनी खीळ ठोकली. कामाला काही वेळ लागला नाही. "झालं! आलो की नाही?"

"आलात हो. बरं झालं," आई म्हणाली. मग साळूकडे न बघता म्हणाली, "आता गाडी घराकडं वळव, बाळा."

तात्पर्य : मदतीला येणारे खोटे नसतात, पण ते त्यांच्या वेळेला येतात आणि आपली वेळ तोवर निघून जाते. म्हणून वाटेला लागण्याआधी आपली तयारी आपणच करावी. आणि ज्यांना आपण बरोबर घेऊन निघालो आहोत, त्यांच्यासाठी तर— थांबा हं, माझी आई हाक मारतेय. हो आई, आले, आले!