दाराशी ठेवलेला तांब्या

"म्हणजे विकतचं घेऊ की फुकटचं? एवढंच सांगा, बुवा."

रंगबुवांनी डोळे मिटले. ध्यान लागलं म्हणून नव्हे, कंटाळा आला म्हणून.

हाच प्रश्न घेऊन अभिराम पुन्हा एकदा टेकडी चढून मठात आला होता. मुलगा हुशार, नोकरीत नाव कमावलेला, आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याच्या आईला शेवटी शेवटी काही आठवत नसे. पोटच्या पोराला ती "तुम्ही कोण?" म्हणून विचारायची. त्याने एकट्याने तिचं सगळं केलं. धीर द्यायला कुणी नव्हतं, चार शब्द बोलायलाही कुणी नव्हतं.

आई गेल्यावर त्याने मनाशी ठरवलं, अशी माणसं घरात सांभाळणाऱ्यांसाठी एक ऑनलाइन मंच काढायचा. कुणीही यावं, आपलं दुखणं लिहावं, ज्याला जमेल त्याने उत्तर द्यावं. आपण एकटे पडलो तसं कुणी पडू नये.

विचार सोन्यासारखा होता. पण त्यासाठी सॉफ्टवेअर विकतचं घ्यावं की फुकटचं, हेच ठरेना, आणि आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं तरी मंच काही उघडला नव्हता.

बुवा संन्यास घेण्याआधी टेलिफोन खात्यात होते. त्यामुळे सर्व्हर, सॉफ्टवेअर असलं काही त्यांना समजावून सांगावं लागत नसे. हीच त्यांची पंचाईत होती.

"फुकटचं घे," बुवा डोळे न उघडताच म्हणाले.

"असं कसं? फुकटचं म्हणजे सगळं आपल्याच गळ्यात. सर्व्हर आपण सांभाळायचा, अपडेट आपण करायचे. उद्या कुणी भामटा आत शिरला आणि लोकांची माहिती पळवली तर? लोक घरातल्या गोष्टी लिहिणार तिथे!"

"मग विकतचं घे."

"आणि त्या कंपनीने दर वाढवले तर? दुकानच गुंडाळलं तर? लोकांनी लिहिलेलं सगळं त्यांच्या ताब्यात. आपण नुसते भाडेकरू."

"मग फुकटचं घे."

"बुवा, तुम्ही मनावरच घेत नाही आहात."

बुवांनी डोळे उघडले. "मी हो म्हटलं की तू नाही म्हणतोस, नाही म्हटलं की हो. तुला उत्तर हवंय, की हा प्रश्नच जपून ठेवायचाय?"

अभिराम चिडला. किती रात्री जागून त्याने अभ्यास केला होता, आणि हे संन्यासी लोक... यांना काय, एक वाक्य टाकलं की झालं. त्याने मोबाईल पुढे सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या मठात एक रीत होती. दाराशी पाण्याचा तांब्या आणि गुळाची वाटी ठेवलेली असे. आल्यागेल्याला गूळपाणी द्यायचं ते दाराला सगळ्यांत जवळ बसलेल्या माणसाने. मग तो पाहुणा असो, नाहीतर खुद्द बुवा. आधी पाणी, मग काय काम आहे ते विचारायचं. अभिरामला ही रीत फार आवडायची. आपल्या मंचावर नव्या माणसाचं स्वागत असंच करायचं, हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं होतं.

आज दाराजवळ तोच बसला होता.

"महाराज आहेत का?"

दारात एक वयस्कर गृहस्थ उभे होते. चढण चढून त्यांना धाप लागली होती. बायकोचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं.

"आहेत, पण बोलणं चाललंय. थांबा जरा तिकडे," अभिराम मान न वळवता म्हणाला.

तिकडे बसायला काहीच नव्हतं. दोघं उभीच राहिली.

"अहो, बेबी आली का शाळेतून?" बाईंनी विचारलं.

"येईल."

"तर बुवा, खरा घोळ बॅकअपचा आहे..."

"बेबी आली का हो शाळेतून?"

"येईल गं."

बुवांनी अभिरामकडे बघितलं. मग तांब्याकडे बघितलं. मग पुन्हा अभिरामकडे. अभिरामला वाटलं, चला, आता कुठे यांचं लक्ष लागलं. तो आणखी रंगात आला. बुवा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, तर त्याने त्यांचा हातच धरला.

"उठू नका ना, बुवा. दोन मिनिटं फक्त."

"बेबी आली का..."

"अहो काका!" अभिराम उखडलाच. "यांना जरा बाहेर नेता का? महत्त्वाचं ठरवतोय आम्ही इथे. लोकांसाठीच चाललंय ना हे सगळं!"

गृहस्थांचा चेहरा पडला.

"चुकलं आमचं. हिला आता काही कळत नाही... आणि कुणाशी बोलावं ते मला कळेना. म्हणून आलो होतो."

त्यांनी बायकोला सांभाळून वळवलं आणि दोघं पायऱ्या उतरू लागली.

"हां, तर बॅकअप..." अभिराम म्हणाला.

आणि थांबला.

खालून पुन्हा तोच प्रश्न ऐकू आला, पुन्हा तेच "येईल". ते "येईल" त्याच्या ओळखीचं होतं. थकलेलं, न चिडता म्हटलेलं. आई आपल्या कधीच्या गेलेल्या भावाची वाट बघायची, तेव्हा तोही अगदी असंच म्हणायचा.

त्याने तांब्याकडे पाहिलं. तांब्या काठोकाठ भरलेला होता. गुळाच्या वाटीला कुणी हात लावला नव्हता.

अभिरामला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"ऊठ," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला त्याने पहिल्यांदाच ऐकला.

त्याने एका हातात तांब्या घेतला, दुसऱ्या हातात गुळाची वाटी. उंबऱ्यापर्यंत गेला. तिथे मात्र त्याचे पाय अडखळले.

"पण बुवा... त्यांना सांगू काय? मंच अजून सुरू नाही. सॉफ्टवेअरचंच नक्की नाही..."

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला.

"आधी त्यांना गाठ! हातातला तांब्या विकतचा आहे की फुकटचा, ते परत आलास की सांगतो."