मानाची बटणं

"नातीचं नुसतं कपाळ दिसतंय! नाक कुठाय? डोळे कुठायत?" रणधवल महाराज भर दरबारात कडाडले.

दिसणार कसं? त्या राज्यात रीतच तशी. सण आला की कुणा ना कुणा सरदाराला महाराजांच्या ब्राउझरमध्ये त्याच्या नावाचं एक मानाचं बटण मिळायचं. होता होता बासष्ट बटणं झाली! त्यांच्या रांगा पार खालपर्यंत उतरल्या आणि पानाला उरली चार बोटांची फट. लेकीनं सासरहून बाळाचा फोटो धाडला, तर त्या फटीत मावलं कपाळ. वर सरकवलं की नाक यायचं, पण कपाळ जायचं!

"अख्खं बाळ एका नजरेत दिसलं पाहिजे," महाराज म्हणाले. "आणि एकही बटण काढायचं नाही! दिलेला मान परत घेणं आमच्या घराण्यात नाही."

"संगणकाला मोठा पडदा आणू या का, महाराज?" प्रधान अप्पाजीपंत पुटपुटले.

"गेल्या वर्षी आणला होता ना! तुम्ही सगळ्यांनी लगेच आणखी वीस बटणं मागून घेतलीत!"

कोपऱ्यात फडकं घेऊन उभी असलेली ठकूबाई फिस्सकन हसली. पडदा पुसायचं काम तिचं.

"हसतेस? मग तूच कर! दिवेलागणीच्या आत जमलं नाही, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

ठकूबाईची ती बारा वर्षांची नोकरी, तिच्यावरच बाईची चूल पेटायची. पण तोंड काही तिच्या ताब्यात नव्हतं.

"महाराज, तुम्ही आधी बोटानं टोचता, मग तुम्हाला माऊस आठवतो. तेही लाडू खाता खाता! तुपाचे डाग पडतात ते तीनच बटणांवर. 'मागे जा', 'नवं पान' आणि 'शोधा'. मानाच्या बासष्टांवर नुसती धूळ!"

"खोटं!" अप्पाजीपंत उसळले. "माझ्या बटणावर राज्य चालतं!"

"हो का? मग ते दाबलं की काय होतं, प्रधानजी?"

अप्पाजीपंतांनी मिशी कुरवाळली, घसा खाकरला. "बघावं लागेल," म्हणाले.

"बरं, महाराज, तुमचा शिरपेच कुठं असतो?"

"पेटीत. कुलपात!"

"आणि जोडा?"

"दाराशी."

"मग झालं तर! रोजची तीन बटणं दाराशी ठेवा. कोपऱ्यात एका पेटीचं चित्र काढा आणि मानाची सगळी तिच्यात घाला. पेटी दाबली की बासष्टच्या बासष्ट हजर!"

"आम्हाला लपवते ही!" सरदार ओरडले.

"छे! ज्यांना बाहेर राहायचंय त्यांनी खुशाल राहावं," ठकूबाई म्हणाली. "नातीचं नाक कुणी झाकलंय, ते नाव महाराजांना नीट वाचता येईल!"

सरदारांची अशी धांदल उडाली! "आधी माझं घाला पेटीत!" "नाही, आधी माझं!" संगणकाच्या कारकुनाला हात आवरेनात. घटकाभरात पान मोकळं झालं आणि पडदाभर बाळ दिसलं, जीभ बाहेर काढलेलं!

"नाक अगदी आमचंच!" महाराजांचे डोळे भरून आले. "ठकू, तुलाही एक मानाचं बटण दिलं!"

"नको हो महाराज! पुसावं मलाच लागेल. त्यापेक्षा हे फडकं घ्या अन् लाडू खाल्ल्यावर आधी हात पुसा!"

महाराज पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूबाईच्या ओंजळीत टाकलं. तेही तुपकटच होतं. ठकूबाईनं ते तिथल्या तिथं पदरानं लख्ख पुसून घेतलं.