कारवीचा शेवटचा मध

तट्ट! कढईत एक गोडंबी तडकली आणि मठाच्या सैंपाकघरातली शांतता मोडली.

सोमगिरी महाराज तेव्हा कडेवाडीच्या मठात मुक्कामाला होते. पाच दिवसांचा त्यांचा उपास त्या सकाळी सुटायचा होता, तोही मधात वळलेल्या गोडंबी-चारोळीच्या लाडवांनी. लाडू करण्याचा मान दरवर्षी वेगळ्या घराला. यंदा तो येसूच्या घराला होता.

येसूचा नवरा कड्यावरचा मध काढी. कारवी फुलते सात वर्षांतून एकदा. गेल्या साली त्या फुलोऱ्याचा मध उतरवताना दोर तुटला आणि तो गेला. मागे राहिली एक बुधली. ती येसूनं महाराजांसाठी जपली होती.

पाठीशी बांधलेल्या तान्ह्याला दात येत होते, चार दिवस तिला झोप नव्हती. बायांनो, थकवा असा असतो की हात चालतात आणि आपण तिथं नसतोच. येसूनं कढई उतरवली आणि निवायची वाट न बघता अख्खी बुधली तीत ओतली. मध चरचरला.

तापवलेला मध म्हणजे विष, हे तिकडे पोरंसुद्धा जाणतात.

“अगं बया!” कोठी सांभाळणाऱ्या अंबूताई ओरडल्या. “झोपलीस का काय?”

“उभ्या उभ्या डोळा लागला, ताई.”

“उभ्यानं घोडं झोपतं! तरी मी म्हणत होते, मान द्यायचा तर जाणत्या घराला द्या. आता महाराजांना विष वाढू? टाक उकिरड्यावर. माशी शिवायची नाही त्याला!”

येसू रडली नाही. रडायलाही त्राण लागतं. कढई उचलून ती निघाली, तर दारात महाराज उभे.

“कुठं नेतेस, बाळ?”

“टाकायला. माझ्या हातनं नासला, महाराज. त्यांच्या हातचा शेवटचा होता.”

“ठेव खाली,” महाराज म्हणाले आणि त्यांनी वाफाळत्या कढईत हात घातला. अंबूताई किंचाळल्या. पण हात बाहेर आला तो वळलेला लाडू घेऊनच! येसूनं भीत भीत बोट लावलं. माठातल्या पाण्यासारखा गार! घरभर कारवीचा वास सुटला. बघता बघता कड्यावरच्या माश्या खिडकीतून आल्या आणि कढईच्या काठावर निवांत बसल्या.

महाराजांनी लाडू तोंडात घातला. “गोड झालाय गं.”

अंबूताईंनी महाराजांचे पाय धरले. “चुकले, महाराज!”

“माझ्यापुढं कशाला वाकतेस? ती कधीची उभी आहे. तिला आधी पाट दे.”

अंबूताईंनी पाट मांडला, येसूपुढे डोकं टेकवलं आणि तान्हं आपल्या मांडीवर घेतलं. येसू बसली. कितीतरी दिवसांनी तिची पाठ भिंतीला टेकली.

तिची पाच वर्षांची ठकी लाडू चाटत जवळ आली.

“आई, महाराजांनी मध नीट केला ना? मग बाबांना का नाही केलं?”